कडक उन्हाळे, एकदम कोसळणारा पाऊस: शहरात कोणती झाडं लावावीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वसाहतीच्या रस्त्याकडेला आणि आतल्या मोकळ्या जागेत मिळून साठ झाडं लावायची आहेत. उन्हाळे दर वर्षी कडक होताहेत, पाऊस मोजक्या दिवसांत कोसळतो आणि मग कित्येक महिने थेंब पडत नाही. मधूनच सोसाट्याचा वारा येतो आणि फांद्या मोडतात. अशा हवामानात टिकतील अशा पाच-सहा जातींची नावं हवी आहेत.

नावं देतो, पण शेवटाकडे, आणि ती पाच-सहापेक्षा बरीच जास्त असतील. शहरात झाडं लावायची, जगवायची आणि मेलेली उपटून ती का मेली ते बघायचं, हे काम मी गेली बावीस वर्षं करतोय. मेलेल्या झाडांनी मला जास्त शिकवलं. त्यातून एक गोष्ट पक्की कळली: अमुक जात टिकाऊ आहे की नाही, हे जागा बघितल्याशिवाय सांगता येत नाही. याद्यांमध्ये जातीपुढे ‘काटक’ असं लिहिलेलं असतं. काटक कशापुढे? कोरडेपणापुढे, साचलेल्या पाण्यापुढे, खारेपणापुढे, वाऱ्यापुढे, की दगडासारख्या दाबलेल्या मातीपुढे? हे सगळं सोसणारं झाड अगदी विरळा.

कडुनिंबाचंच बघा. वर्षाला 400-450 मिलिमीटर पाऊस पडतो तिथेही ते वाढतं. मक्केजवळच्या अराफातच्या मैदानावर, जिथे सावलीला दुसरं काही उभं राहत नाही, तिथे हजारो कडुनिंब लावले आणि ते तगले. हेच झाड चिकणमातीच्या सखल कोपऱ्यात लावलं आणि पावसाळ्यात बुंध्याशी आठ-दहा दिवस पाणी तुंबलं, की मुळं गुदमरतात. पानं पिवळी पडतात, लोक पाणी कमी पडलं असं समजून आणखी पाणी घालतात आणि झाड जातं. पलीकडे अर्जुन हा ओढ्याकाठचा. त्याला पाय ओले चालतात, पण उतारावरच्या मुरमात तो वर्षानुवर्षं खुरटलेला राहतो. दोन्ही झाडं उत्तम, फक्त जागांची अदलाबदल झाली की दोन्ही वाया.

म्हणून खरेदीच्या आधी एक दिवस फावडं आणि बादली घेऊन फिरा. जिथे झाड लावायचं तिथे अर्धा मीटर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, पूर्ण मुरू द्या. मग पुन्हा भरा आणि काठी उभी करून तासाभरात पातळी किती उतरली ते बघा. तासाला अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी उतरत असेल तर ती जागा निचरा नसलेली समजा आणि नदीकाठच्या जातींकडे वळा. बघता बघता उतरलं तर कोरड्या डोंगरउतारावरच्या जाती. साठच्या साठ खड्ड्यांवर हे करायची गरज नाही. दर दहा-पंधरा मीटरवर एक पुरे, कारण एकाच रस्त्याच्या दोन टोकांना माती वेगळी निघते. एका टोकाला भराव टाकलेला असतो, दुसऱ्याला मूळची जमीन असते. खणताना काय निघालं तेही लिहून ठेवा. सिमेंटचे गोळे, चुना, विटांचे तुकडे असा राडारोडा निघाला तर माती अल्कधर्मी झालेली असते. तिथे लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही, आणि कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. आम्लधर्मी माती मागणाऱ्या जाती अशा जागी आधीच वगळा.

आता मातीच्या आकारमानाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सगळं अडतं ते इथेच. आपण खड्डा मोजतो एक मीटर बाय एक मीटर बाय एक मीटर, म्हणजे एक घनमीटर. झाडाची गरज किती? ढोबळ हिशेब असा की पर्णछत्राच्या दर चौरस मीटरला 0.3 ते 0.6 घनमीटर भुसभुशीत माती लागते. आठ मीटर रुंदीचा डेरा हवा असेल तर त्याखाली साधारण 50 चौरस मीटर जागा येते, म्हणजे 15 ते 30 घनमीटर माती. आपण देतो एक. बाकीची निदान चौदा घनमीटर झाडाने फुटपाथखालून, गटाराच्या कडेने स्वतः शोधायची असते. सापडली तर झाड मोठं होतं आणि फरशा उचलते. नाही सापडली तर आठव्या-दहाव्या वर्षी शेंडा वाळायला लागतो. मग एखादा कडक उन्हाळा येतो आणि सगळे म्हणतात, उन्हाने मारलं. उन्हाने फक्त शेवटचा घाव घातलेला असतो.

त्यामुळे साठ सुटे खड्डे घेण्यापेक्षा, शक्य तिथे पाच-सहा झाडांना मिळून एक सलग चर द्या. दीड-दोन मीटर रुंद, पाऊण ते एक मीटर खोल. मुळं एकमेकांच्या मातीत शिरतात आणि पावसाचं पाणीही तिथे मुरतं. जिथे वरून गाड्या जाणार आहेत तिथे मोठी खडी आणि माती यांचं मिश्रण भरतात. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाने हे तंत्र विकसित केलं, त्यात साधारण ऐंशी टक्के खडी आणि वीस टक्के माती असते. भार खडी पेलते, मुळं खडीच्या फटींतल्या मातीत वाढतात. स्टॉकहोमने याच विचारावर मोठ्या दगडांचे आणि कोळशाच्या चुऱ्याचे खड्डे केले आणि मरगळलेली जुनी झाडंही त्यांनी सावरली. खर्च वाढतो, पण पैसे मर्यादित असतील तर मी साठऐवजी पस्तीस झाडं लावून त्यांना नीट माती देईन.

जातींच्या निवडीत एक गोष्ट सुरुवातीला मलाही कोड्यात टाकायची. शहरातल्या भाजून निघणाऱ्या रस्त्यांवर जगभर यशस्वी झालेली कितीतरी झाडं मूळची नदीकाठची किंवा पाणथळ जागेतली आहेत. युरोपातल्या रस्त्यांवरचा प्लेन, दलदलीत वाढणारा बाल्ड सायप्रस, आपल्या ओळखीचे करंज आणि ताम्हण. कोरड्या फुटपाथवर ओल्या जागेतलं झाड कसं तगतं? उत्तर मातीतल्या हवेत आहे. पूर येतो तेव्हा नदीकाठच्या मातीतला प्राणवायू संपतो, आणि या जाती कमी प्राणवायूत मुळं जिवंत ठेवायला शिकलेल्या असतात. रोलर फिरवून दाबलेल्या मातीत हीच अडचण असते: कणांमधली पोकळी संपलेली, हवा जवळजवळ नाही. चिकणमातीची घनता प्रति घनसेंटिमीटर साधारण दीड ग्रॅमच्या आसपास गेली की बहुतेक मुळं पुढे सरकत नाहीत. म्हणजे रस्त्याकडेला झाडापुढे दोन संकटं असतात, वर कोरडेपणा आणि खाली घुसमट. नुसती कोरड्या रानातली जात दुसऱ्या संकटात हरते. नदीकाठच्या जातींमध्येही ज्यांची नदी वर्षातले काही महिने आटते, अशा जाती मला रस्त्यासाठी सगळ्यांत भरवशाच्या वाटतात. करंज त्यातला. साचलेलं पाणी, खारेपणा, कोरडे महिने, सगळं बऱ्यापैकी सोसतो. पानांवर किडीचे चट्टे पडतात खरे, पण त्याने झाड मरत नाही, त्यासाठी फवारणी करत बसू नका.

‘दुष्काळ सोसणारं’ या शब्दातही दोन-तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या आहेत. काही झाडं खोल मुळांनी दूरचं पाणी गाठतात. काही पाणी कमी होताच पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची सूक्ष्म छिद्रं, मिटून घेतात आणि वाट बघतात. काही सरळ पानं झाडून टाकतात. आणि काही, ज्यांच्या पेशी फार ताणातही पिचत नाहीत, ती पर्णरंध्रं उघडी ठेवून काम चालू ठेवतात. या शेवटच्या गुणाचं आता मोजमाप होतं. पानातला पाण्याचा ताण किती वाढला की पान लुळं पडतं, हे मेगापास्कल या दाबाच्या एककात मोजतात. उणे दोनच्या अलीकडेच लुळं पडणारी जात नाजूक, उणे तीनच्या पलीकडे ताठ राहणारी जात कणखर. मेपलच्या एकाच प्रजातीतल्या जातींमध्ये या बाबतीत इतका फरक सापडला, की ‘मेपल दुष्काळात टिकतो का’ या प्रश्नाला एक उत्तर उरलं नाही. आपल्याकडच्या बहुतेक जातींचे असे आकडे हाताशी नसतात. मग मी सोपं निरीक्षण करतो: लागोपाठ पाऊस कमी झालेल्या दोन वर्षांनंतर, कोणी पाणी न घातलेली जुनी झाडं मेच्या मध्यावर कशी दिसतात ते वहीत टिपतो. शेंड्याची पानं भरलेली आहेत का, की टोकं उघडी पडलीत? दहा वर्षांच्या अशा नोंदी कुठल्याही छापील यादीपेक्षा कामाच्या ठरतात.

पण इथे एक पेच आहे. आपण झाड लावतो ते बहुतेक वेळा थंडाव्यासाठी. थंडावा दोन प्रकारे मिळतो: सावलीने, आणि पानांतून उडणाऱ्या वाफेने. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण 0.68 युनिट विजेइतकी उष्णता लागते. मोठ्या झाडाने दिवसाला शंभर लिटर पाणी सोडलं तर जवळजवळ 70 युनिट उष्णता हवेतून शोषली गेली. पर्णरंध्रं मिटून बसणारं झाड जगतं, पण ऐन उष्णतेच्या लाटेत हे काम बंद ठेवतं. पानं झाडणारं झाड तर सावलीही देत नाही. बहावा उन्हाळ्यात फुलांनी लगडतो तेव्हा जवळजवळ निष्पर्ण असतो. बघायला देखणा, पण बसथांब्यावर एप्रिलमध्ये त्याच्याखाली उभं राहून काही उपयोग नाही. म्हणून जिथे माणसं चालतात, थांबतात, तिथे उन्हाळ्यात पानं राखणारी जात लावा आणि तिला थोडं पाणी मिळेल अशी सोय करा, छपरावरचं किंवा रस्त्यावरचं पावसाचं पाणी त्या चरात वळवा. जिथे कोणी थांबत नाही, तिथे पानं झाडून स्वतःला वाचवणारी जात खुशाल लावा.

काटकपणाची दुसरी बाजू त्याहून धोक्याची. जे झाड कशालाच दाद देत नाही ते शेजाऱ्यांनाही दाद देत नाही. सुबाभूळ, वेडी बाभूळ, ऐलँथस ही तिन्ही झाडं ‘कुठेही येतं, पटकन वाढतं’ म्हणून मुद्दाम जगभर नेली गेली आणि आज अनेक देशांत ती आवरता आवरत नाहीत. कोनोकार्पसचं तर ताजं उदाहरण आहे. खारी जमीन, कडक ऊन, कमी पाणी, सगळं सोसून वर्षभर हिरवंगार, म्हणून आखाती देशांत आणि कराचीत ते सरसकट लावलं गेलं. पुढे पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या नळांत शिरणारी मुळं आणि परागकणांचा त्रास अशा तक्रारी वाढल्या. गुजरातने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. रोपवाटिकेत तुम्हाला कोणी ‘पाणी नाही, देखभाल नाही, दोन वर्षांत पंधरा फूट’ असं सांगून रोप दाखवलं, तर ते बीज कसं पसरवतं आणि मुळातून फुटवे काढतं का, हे दोन प्रश्न आधी विचारा.

आता फक्त पाच-सहा जातींना मी नकार का देतोय ते सांगतो. हॉलंडमध्ये 1920 च्या सुमारास एल्म झाडं पटापट वाळू लागली. बेआ श्वार्त्स या तरुण संशोधिकेने 1922 मध्ये त्यामागची बुरशी शोधून काढली. पुढे हा रोग उत्तर अमेरिकेत पोहोचला आणि ज्या शहरांनी रस्तेच्या रस्ते एकाच एल्मने सजवले होते, तिथे ते रस्ते उघडे पडले. मग काय लावलं? बऱ्याच शहरांनी त्या जागी ॲश नावाचा वृक्ष लावला, कारण तो काटक होता, पटकन वाढत होता, रोपवाटिकेत भरपूर मिळत होता. 2002 मध्ये डेट्रॉइटच्या परिसरात पूर्व आशियातून आलेला एक हिरवा चमकदार भुंगेरा सापडला. त्याच्या अळ्या ॲशच्या सालीखाली बोगदे करतात आणि झाडाचं पाणी-अन्न तोडतात. कोट्यवधी झाडं गेली. दोन पिढ्यांत त्याच रस्त्यांवर तीच चूक दोनदा झाली, आणि दोन्ही वेळा निवडलेलं झाड आपल्या जागी चांगलंच होतं.

फ्रँक सँटामूर या अमेरिकी वृक्ष-आनुवंशिकी तज्ज्ञाने 1990 मध्ये एक साधा नियम सुचवला: एका जातीची झाडं दहा टक्क्यांहून जास्त नकोत, एका प्रजातीची (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाची) वीस टक्क्यांहून आणि एका कुळाची तीस टक्क्यांहून जास्त नकोत. मेलबर्नने दीर्घ दुष्काळात झाडं गमावल्यानंतर 2012 च्या आपल्या धोरणात हे आकडे आणखी खाली, म्हणजे पाच, दहा आणि वीसवर आणले. साठ झाडांना मेलबर्नचा नियम लावणं जड जाईल, एका जातीची तीनच झाडं येतील. सँटामूरचा लावा. एका जातीची जास्तीत जास्त सहा, म्हणजे किमान दहा जाती.

यात कुळाचा मुद्दा हमखास निसटतो. बहावा, गुलमोहर, करंज, चिंच, शिसम, रेन ट्री, सोनमोहर ही सात वेगळी नावं वाचून भरपूर विविधता साधली असं वाटतं. ही सातही एकाच, शेंगा धरणाऱ्या कुळातली आहेत. साठपैकी या कुळाची झाडं अठरापेक्षा जास्त होऊ देऊ नका. आणि कडुनिंबाला काही होत नाही, असा विश्वास असेल तर तोही जरा सैल करा. 2021 च्या सुमारास तेलंगणात कडुनिंबाचे शेंडे बुरशीमुळे मोठ्या प्रमाणावर वाळले होते. बरीच झाडं पुन्हा फुटली, पण रस्ताभर दुसरं काहीच नसतं तर सगळा रस्ता एकदम तपकिरी दिसला असता.

कलमांबद्दलही एक वाक्य. एकाच मातृवृक्षावरून केलेली कलमं म्हणजे एकच झाड साठ वेळा. रांग सुंदर दिसते, सगळ्यांची उंची सारखी. एकाला जे मारेल ते सगळ्यांना मारेल. मी शक्यतो बियांपासून वाढवलेली रोपं घेतो, आणि ते बी त्या जातीच्या नैसर्गिक पट्ट्यातल्या कोरड्या, उष्ण टोकाकडचं मिळालं तर फारच चांगलं. जात तीच, पण ज्या झाडांच्या पन्नास पिढ्या कमी पावसात वाढल्या त्यांच्या रोपांत तो गुण उतरलेला असतो.

यातूनच पुढचा प्रश्न येतो: तुम्ही कोणत्या वर्षाच्या हवामानासाठी झाड निवडताय? आज लावलेल्या झाडाची खरी सावली वीस-पंचवीस वर्षांनी पडते. 2019 मध्ये 520 मोठ्या शहरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 2050 मध्ये कुठल्या शहराची हवा आज कुठल्या शहरात आहे, असं त्यात ताडून बघितलं. लंडनची हवा बार्सिलोनाच्या आजच्या हवेकडे झुकेल, असं त्यात दिसलं. 2022 मध्ये 78 देशांतल्या 164 शहरांचा आणखी एक अभ्यास आला. शहरांत लावलेल्या जातींपैकी निम्म्याहून अधिक आजच त्यांच्या नैसर्गिक पट्ट्यातल्या तापमानापेक्षा जास्त उष्णतेत उभ्या आहेत, असं त्यात निघालं. हे वाचून हात टेकायचे नाहीत. झाडाच्या सहनशक्तीची सीमा त्याच्या नैसर्गिक पट्ट्यापेक्षा बरीच रुंद असू शकते, आणि पाणी-माती दिली तर आणखी रुंदावते. पण निवड करताना तुमच्यापेक्षा दोन-तीन अंशांनी उष्ण आणि थोड्या कोरड्या गावात आज कोणती झाडं चाळीस-पन्नास वर्षांची होऊन उभी आहेत, हे जरूर जाऊन बघा. तिथल्या स्मशानाजवळची, जुन्या शाळांच्या आवारातली, विहिरीपासून लांबची झाडं बघा. कोणी पाणी न घालता ती म्हातारी झाली आहेत.

वाऱ्याबद्दल फार लांबण लावत नाही. फांदी मोडते ती बहुतेक वेळा जोडापाशी. दोन सारख्या जाडीच्या फांद्या अरुंद कोनात वर जात असतील आणि मधे साल दबली असेल, तर तो जोड आतून कधी सांधलेलाच नसतो. अमेरिकेत 1963 मध्ये बाजारात आलेली ब्रॅडफर्ड नावाची नाशपातीची शोभेची जात नेमकी अशा जोडांची होती. पंधरा-वीस वर्षांची झाली की वादळात मधोमध फाटायची. झाड लहान असताना, पहिल्या चार-पाच वर्षांत, एक मुख्य शेंडा राखून बाकीचे छाटले तर हा दोष जातो. मोठेपणी करवत लावून तो जात नाही. गुलमोहर आणि रेन ट्री भराभर वाढतात, लाकूड ठिसूळ, मुळं उथळ. ती मैदानात ठीक, गाड्या आणि माणसांच्या वर नकोत. चिंच, बकुळ, कडुनिंब त्यांच्यापेक्षा सावकाश वाढतात आणि वाऱ्यात उभी राहतात. फ्लोरिडात चक्रीवादळांनंतर केलेल्या पाहण्यांत असंही दिसलं की एकेकट्या झाडांपेक्षा घोळक्यातली झाडं जास्त वाचतात. म्हणजे सलग चराचा हा आणखी एक फायदा.

आता रोपाकडे येऊ. जात अचूक निवडली, माती दिली, तरीही झाडं गेली, असा अनुभव मी घेतलाय. एका रस्त्यावर आम्ही वीस झाडं लावली होती. पहिली सहा वर्षं सुरेख वाढली. सातव्या उन्हाळ्यात एकेक करत चौदा वाळली. एक झाड मी हाताने हलवलं तर बुंधा जमिनीत सैल हलला, जसा दात हलतो तसा. दोघांनी मिळून ओढलं आणि ते उपटून आलं. खाली मुळांचा एक घट्ट गोळा होता, बरोब्बर रोपवाटिकेच्या पिशवीच्या मापाचा. तळाशी पिशवीची घडी जशी पडते तसा मुळांनाच पीळ पडला होता. अंगठ्याएवढं एक मूळ बुंध्याभोवती दीड वेढा घालून सालीत रुतलं होतं. सात वर्षं ते झाड पिशवीबाहेर पडलंच नव्हतं. आम्ही वर घातलेलं पाणी त्या गोळ्यात जिरत होतं म्हणून ते जगलं, आणि ज्या वर्षी पाणी बंद केलं त्या वर्षी मेलं. दोष रोपवाटिकेचा होता, रोपं पिशवीत फार दिवस पडून राहिली होती. पण पिशवी फाडून मुळं न बघता ती स्वीकारली आम्ही.

तेव्हापासून मी मुळं न बघता रोप घेत नाही. वीसातली दोन रोपं पिशवीतून काढून दाखवायला सांगा. मुळं कडेने गोल फिरलेली, तपकिरी आणि कडक दिसली तर सगळी खेप परत करा. थोडीच फिरली असतील तर लावताना गोळ्याच्या बाहेरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर चारही बाजूंनी धारदार सुरीने कापून टाका, रोपाला त्याने इजा होत नाही. उंचीला भुलू नका. बारा फुटांचं रोप उद्घाटनाच्या फोटोत छान दिसतं, पण मुळं कमी आणि पानं जास्त, असा त्याचा ताळेबंद असतो. चार-पाच फुटांचं, काठीशिवाय उभं राहणारं रोप पाच वर्षांत त्याला गाठतं आणि पुढे निघून जातं.

लावताना खड्डा गोळ्याच्या दोन-तीन पट रुंद हवा, खोल मात्र गोळ्याइतकाच. बुंधा जिथे मुळांकडे फुगतो तो भाग मातीच्या वर दिसला पाहिजे. तो पुरला की साल कुजते. चिकणमातीत खड्डा घेऊन त्यात बाहेरची भुसभुशीत माती आणि खत ठासून भरू नका, पावसात त्या खड्ड्याची बादली होते. निघालेलीच माती ढेकळं फोडून परत घाला. वर पाच-दहा सेंटिमीटर पालापाचोळ्याचं आच्छादन, बुंध्यापासून हातभर लांब. काठी बांधलीत तर सैल आणि खालच्या बाजूला, आणि वर्षाने काढा. वाऱ्याने डोललं नाही तर खोड जाड होत नाही.

पाण्याबाबत तुम्ही लिहिलं नाहीत, पण साठही झाडांचं भवितव्य त्यावर आहे. दुष्काळ सोसणारी जात मुळं पसरल्यावर दुष्काळ सोसते, पहिल्या दिवसापासून नाही. पहिले दोन, शक्यतो तीन कोरडे हंगाम पाणी द्यावंच लागेल. रोज एक बादली शिंपडू नका, त्याने मुळं वरच राहतात. आठवड्यातून एकदा, कडक उन्हात दोनदा, प्रत्येकी तीस-चाळीस लिटर सावकाश मुरवा. तिसऱ्या वर्षी अंतर वाढवत न्या. आळं दर वर्षी बाहेर सरकवा, कारण पाणी पिणारी मुळं बुंध्याशी नसतात. अमेरिकेतल्या रस्त्याकडेच्या झाडांवरच्या अभ्यासांचा एकत्र विचार केला तर त्यांचं सरासरी आयुष्य 19 ते 28 वर्षं निघतं. त्यात सुरुवातीच्या वर्षांत मरणाऱ्या रोपांचा वाटा मोठा असतो. म्हणून साठ रोपांच्या पैशांतून पन्नास रोपं आणि तीन वर्षांचं पाणी घ्या, असं मी सांगतो.

तर आता नावं. तुमचा कडक उन्हाळा आणि मोजक्या महिन्यांतला पाऊस गृहीत धरतो. थंड हवामानाच्या गावासाठी ही यादी नाही. चालण्याच्या रस्त्यावर, जिथे उन्हाळ्यात सावली हवी: बकुळ सहा, करंज सहा, पुत्रंजीव चार, कडुनिंब सहा, पण निचऱ्याच्या टोकालाच. बादलीच्या चाचणीत पाणी न उतरलेल्या सखल भागात: अर्जुन चार, ताम्हण पाच, जांभूळ पाच. जांभळं पडून फरशी रंगते, म्हणून ते पार्किंगपासून लांब. मोकळ्या जागेत, जिथे मुळांना हवी तेवढी माती आहे: चिंच तीन, कुसुम चार, मोह तीन. वड एकच, कुठल्याही भिंतीपासून, टाकीपासून पंचवीस मीटर तरी लांब. कडेच्या पट्ट्यात, फुलांसाठी: बहावा पाच. समुद्राजवळ असाल आणि खारं वारं येत असेल तर कुसुम आणि मोह यांच्या जागी उंडी आणि भेंड घ्या. हे सगळे मिळून बावन्न होतात. शेंगांच्या कुळातले करंज, चिंच, बहावा मिळून चौदा, म्हणजे मर्यादेच्या आत. बकुळ आणि मोह एका कुळातले, तेही मिळून नऊच.

उरलेले आठ खड्डे या वर्षी रिकामे ठेवा. जागा आखून ठेवा, पालापाचोळा टाकून ठेवा. दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे गेले की बावन्नांपैकी कोण रमलं आणि कोण कुढतंय ते दिसेल. तेव्हा त्या आठ जागांवर काय लावायचं हे तुमच्याच मातीवरून ठरवता येईल.